फिलिपिन्समध्ये दहा दिवसांत किती बेटं होतात? (सासूबाई आणि लहान मूल सोबत असेल तर)

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि पासष्टीच्या सासूबाई असे चौघं दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवस फिलिपिन्सला जायचं म्हणतायत, यादीत मनिला, बोराकाय, सेबू, बोहोल, एल निडो, कोरॉन आणि जमलं तर सियारगाव, सासूबाई पूर्ण शाकाहारी आणि त्यांचे गुडघे दुखतात, तिकिटं अजून काढलेली नाहीत, आणि विचारलंय की "कुठल्या क्रमाने गेलो तर सगळं बसेल?"

मी मुंबईत हेच काम करते, एकेका कुटुंबाला बसून प्लॅन करून देते, त्यात आग्नेय आशियातली बेटं जास्त. तर ताई, सरळ सांगते, क्रम कसाही लावलात तरी ही यादी दहा दिवसांत बसत नाही. तुमचा खरा प्रश्न क्रमाचा नाहीच, एका बेटावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ जातो तो आहे. फिलिपिन्समध्ये ७,६४१ बेटं आहेत, नकाशावर ती एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात आणि गूगलवर "बोटीने दोन तास" असं वाचलं की वाटतं सकाळी इथे, दुपारी तिथे. प्रत्यक्षात सामानासकट एक जागा बदलायची म्हणजे एक दिवस गेला असंच धरायचं. मी प्लॅन करताना आधी बेटं मोजतच नाही, जागा किती वेळा बदलतोय ते मोजते.

एक दिवस उघडून दाखवते म्हणजे पटेल. समजा तुम्ही बोहोलला पांगलावच्या हॉटेलात आहात आणि कोरॉनला जायचंय. सकाळी सहाला उठून बॅगा भरा, तागबिलारानच्या धक्क्यापर्यंत गाडीने अर्धा-पाऊण तास, बोटीच्या तासभर आधी पोचायचं कारण टर्मिनल फी वेगळ्या खिडकीवर भरायची, मोठ्या बॅगा वेगळ्या द्यायच्या, त्यांचे बहुतेक वेळा वेगळे पैसे, मग दोन तास समुद्र, सेबूच्या धक्क्यावर बॅगा येईपर्यंत उभं राहायचं, तिथून पूल ओलांडून माक्तानच्या विमानतळाला ट्रॅफिकमध्ये तास सहज, मग चेक-इन, साधारण दीड तासाचं पंख्याचं छोटं विमान, आणि बुसुआंगाला उतरल्यावर परत व्हॅनने अर्धा तास कोरॉन गावापर्यंत. हॉटेलात पोचेपर्यंत संध्याकाळ. यात बोट लेट झाली किंवा विमानाची वेळ बदलली हे अजून धरलेलंच नाही. असे पाच-सहा दिवस दहातून काढा आणि उरतं काय बघा, आणि ज्यांच्यासोबत हे करायचंय त्यांचे गुडघे दुखतात.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी, त्यात पहिली महिना. दिवाळीची सुट्टी म्हणजे ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य. आपल्याकडे तेव्हा पाऊस संपलेला असतो, म्हणून आपल्या डोक्यात तो "सीझन" असतो, पण तिकडे वादळांचा मोसम तेव्हा पूर्ण संपलेला नसतो. २०१३ चं हैयान वादळ (तिकडे त्याला योलांडा म्हणतात) ८ नोव्हेंबरला धडकलं, लेते बेटावर हाहाकार केला आणि पुढे जाऊन कोरॉनलाही झोडपलं. २०२५ मध्ये नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात काल्मेगी वादळाने सेबूला पुरात बुडवलं. दरवर्षी असं होईलच असं नाही, दिवाळीत जाऊन छान ऊन बघून आलेले लोक माझ्याकडे भरपूर आहेत. पण शक्यता आहे आणि दहा दिवसांच्या घट्ट प्लॅनमध्ये एक साधा वाऱ्याचा इशारासुद्धा सगळी साखळी तोडतो. पावसाळ्यात गेटवे-मांडवा बोटी बंद असतात हे आपल्याला इतकं माहीत असतं की आपण त्या महिन्यांत अलिबागचा बेतच रस्त्याने करतो. तिकडे रस्ता नाही. पागासा, म्हणजे त्यांचं हवामान खातं, इशारा देतं आणि कोस्ट गार्ड बोटी थांबवतं, छोट्या बोटी सगळ्यात आधी, आणि कित्येकदा वादळ शेकडो किलोमीटर लांब असतं, तुमच्या डोक्यावर ऊन असतं तरी बोट सुटत नाही. तिथे भांडून उपयोग नाही आणि भांडूही नये, ते बरोबरच करतात.

म्हणून माझा पहिला सल्ला, जमत असेल तर दिवाळीऐवजी एप्रिलचा शेवट किंवा मेचा पहिला पंधरवडा धरा. मुलाची परीक्षा झालेली असते, तिकडे मार्च ते मे कोरडा उन्हाळा असतो, समुद्र शांत, पाणी स्वच्छ. उकाडा जबरदस्त असतो हे खरं, पण मुंबईकराला तो नवीन नाही. फक्त ईस्टरच्या आधीचा आठवडा टाळा, अख्खा देश गावी किंवा बीचवर निघालेला असतो, बोटी-विमानं भरलेली आणि गुड फ्रायडेला बरंच काही बंद. नाताळही टाळा, त्याच कारणाने.

आणि हो, सगळ्या देशाला एकच सीझन नसतो. तिकडे दोन वारे आहेत. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल ईशान्येचा, त्याला ते अमिहान म्हणतात, आणि जून ते ऑक्टोबर नैऋत्येचा, तो हाबागात. बेटाची कुठली बाजू वाऱ्याकडे आहे त्यावर तिथला समुद्र ठरतो. बोराकायचा प्रसिद्ध व्हाइट बीच पश्चिमेला आहे, म्हणून अमिहानमध्ये तिथे पाणी तळ्यासारखं आणि त्याच वेळी पलीकडच्या बुलाबोगला काइटसर्फिंगवाल्यांची जत्रा, आणि हाबागातमध्ये उलट, तेव्हा समोरच्या कातिक्लान बंदरातून येणाऱ्या बोटींचा धक्कासुद्धा बदलतात. सियारगाव तर पूर्वेला, थेट पॅसिफिकच्या तोंडावर, तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊसच जास्त. म्हणजे जेव्हा पालावानचं (एल निडो, कोरॉन तिथे आलं) हवामान सुधारायला लागतं तेव्हा सियारगावचं बिघडायला लागतं. एका ट्रिपमध्ये दोन्ही कोंबायची घाई करू नका. सियारगाव मुळात लाटांवर खेळणाऱ्यांचं बेट आहे, सासूबाईंना घेऊन जाण्यासारखं तिथे फार काही नाही, ते मी यादीतून सरळ काढते. बोराकायही काढते. बीच अप्रतिम आहे, २०१८ मध्ये सरकारने सहा महिने बेट बंद ठेवून साफ केलं तेव्हापासून अजून बरं झालंय, पण तुमच्या बाकीच्या बेटांशी त्याचा मेळ बसत नाही, त्यासाठी दोन जागाबदल जास्त लागतात.

मनिला फक्त विमान बदलायला. आणि तेही जमेल तितकं टाळा, कारण तिथली टर्मिनलं एकमेकांपासून लांब आहेत, बाहेर पडून रस्त्याने जावं लागतं आणि तो रस्ता संध्याकाळी तुंबलेला असतो.

उरलं सेबू, बोहोल, एल निडो, कोरॉन. यात एल निडो की कोरॉन हा प्रश्न मला प्रत्येक कुटुंब विचारतं. तुम्हाला ज्या फोटोंनी वेड लावलंय, पाण्यातून सरळ वर गेलेले काळे चुनखडीचे कडे आणि मध्ये हिरवं-निळं पाणी, ते दोन्हीकडे आहे. एल निडोला जायचं तर एक तर थेट छोटं विमान, जे महाग असतं आणि सीट कमी, किंवा पुएर्तो प्रिन्सेसाला उतरून व्हॅनने पाच-सहा तास. तरुण जोडप्याला मी बिनधास्त एल निडो देते. सासूबाई आणि आठ वर्षांचं मूल व्हॅनमध्ये सहा तास, नको. एल निडो ते कोरॉन वेगवान बोट साधारण चार तासांची आहे, पण ती उघड्या समुद्रातून जाते आणि वारा असेल तर पोटात काही राहत नाही. म्हणून तुमच्यासाठी कोरॉन, विमानतळ जवळ आणि दिसायला एल निडोइतकंच देखणं.

आता बोटींबद्दल, कारण सासूबाईंसाठी खरा प्रश्न इथे आहे आणि कुठल्याही व्हिडिओत हे दाखवत नाहीत. बेटांमधल्या डे-ट्रिपच्या बोटी म्हणजे बांका, निमुळता लांब लाकडी होडा आणि दोन्ही बाजूंना पाण्यात टेकलेले बांबूचे हात. त्या हातांमुळे ती उलटत नाही, पण त्यांच्यामुळेच ती कित्येक ठिकाणी धक्क्याला आडवी लागू शकत नाही. मग नाक किनाऱ्याकडे करून उभी करतात आणि एक वीतभर-दीड वीत रुंद फळी टाकतात. ती फळी हलते, ओली असते, आणि आधाराला दोन पोरं एक लांब बांबू खांद्यावर आडवा धरून उभी असतात, तोच तुमचा कठडा. ओहोटी असेल तर गुडघाभर, कधी मांडीपर्यंत पाण्यातून चालत जाऊन बाजूच्या शिडीने चढायचं. ती पोरं अतिशय प्रेमाने हात धरतात, आजी म्हटलं की दोघं-दोघं पुढे येतात, तरी दिवसातून पाच ठिकाणं म्हणजे ही चढउतार दहा वेळा. म्हणून तुम्ही चौघांसाठी आख्खी बोट घ्या, शेअरिंगची नको. पैसे जास्त जातात पण ठिकाणं तुम्ही ठरवता, तीनच ठिकाणं घ्या, आणि एखाद्या ठिकाणी सासूबाईंना उतरायचं नसेल तर त्या बोटीत सावलीला निवांत बसतात, पंचवीस अनोळखी माणसं खोळंबत नाहीत. कोरॉनच्या कायांगान तळ्याला जायला बऱ्याच उंच-सखल दगडी पायऱ्या चढून परत उतरायच्या आहेत, तिथे तुम्ही तिघं जा. त्याऐवजी संध्याकाळी माकिनितचे गरम पाण्याचे झरे आहेत, खाऱ्या पाण्याचे, समुद्राला लागून, गुडघ्यांना काय वाटेल ते त्याच सांगतील. लहान मुलाला लाइफ जॅकेट त्याच्या मापाचं आहे का ते आदल्या दिवशी विचारून घ्या, सकाळी धक्क्यावर मोठ्यांचीच शिल्लक असतात.

बोहोल मात्र अशा कुटुंबासाठी सोन्यासारखं आहे. पांगलावला बीच, पुलाने मोठ्या बेटाला जोडलेलं, म्हणजे एक दिवस गाडी करून सगळं फिरता येतं, होडी नाही. चॉकलेट हिल्सचे हजाराहून जास्त गोल डोंगर, वर बघायच्या गच्चीला दोनशेच्या वर पायऱ्या आहेत पण खालूनही भरपूर दिसतात. एप्रिल-मेमध्ये गवत वाळून ते खरोखर तपकिरी होतात, पावसानंतर हिरवे असतात. लोबोक नदीत तरंगत्या हॉटेलात जेवत जेवत जायचं, तिथे चढउतार जवळजवळ नाही. टार्सियर (मोठ्या डोळ्यांचा, माकडाच्या नात्यातला छोटा प्राणी) बघायला कोरेलाचं अभयारण्य निवडा, ते प्राणी रात्री जागतात, दिवसा झोपतात, मुठीएवढे असतात, मुलाला आधीच सांगून ठेवा की आवाज नाही, फ्लॅश नाही.

एक विनंती मनापासून. पांगलावहून किंवा सेबूहून ओस्लोबच्या व्हेल शार्कची टूर सगळे गळ्यात मारतात. तिथे त्या माशांना रोज हाताने खायला घालून किनाऱ्यावर थांबवून ठेवतात, पन्नास-पन्नास माणसं भोवती. मी ती कोणालाही बुक करून देत नाही. मुलाला मासेच दाखवायचेत तर कोरॉनला गावाजवळच सिएते पेकादोस आहे, तोंडाला मास्क लावून पाण्यात डोकं घातलं की प्रवाळ आणि रंगीत मासे, त्यांच्या मर्जीने.

आता सगळं जोडून सांगते. मुंबईहून रात्री निघा, सिंगापूरमार्गे थेट सेबूला उतरा, मनिला नको. त्या दिवशी सेबूतच झोपा, थकलेल्या अंगाने लगेच बोट पकडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी बोहोल, तिथे तीन रात्री. मग तो मी वर लिहिलेला लांबलचक दिवस, बोहोल ते कोरॉन, पूर्ण ट्रिपमधला एकच. कोरॉनला तीन रात्री. मग विमानाने मनिला, तिथे शेवटची रात्र विमानतळाजवळ, आणि दुसऱ्या दिवशी घरी. एक रात्र विमानात धरून दहा दिवस पूर्ण. शेवटची मनिलाची रात्र वाया जाते असं सगळ्यांना वाटतं आणि सगळे ती कापायला बघतात, ती कापू नका. छोटं विमान वाऱ्यापावसात रद्द झालं तर पुढच्या विमानात चार सीट लगेच मिळत नाहीत, आणि आंतरराष्ट्रीय विमान तुमच्यासाठी थांबत नाही. त्याच दिवशी बेटावरून येऊन मुंबईचं विमान पकडायचा प्लॅन मी कोणाला देत नाही, कितीही आग्रह केला तरी.

दिवाळीतच जायचं असेल, कारण घरातल्या सुट्ट्या तशाच जुळतात हेही मला कळतं, तर कोरॉन काढून टाका. फक्त सेबू-बोहोल करा, बोहोलला पाच रात्री निवांत राहा आणि शेवटच्या दोन रात्री सेबूत. बोहोलला दोन दारं आहेत, पांगलावचं विमानतळ आणि तागबिलारानची बोट, दिवसाला पुष्कळ फेऱ्या, त्यामुळे वादळ गेल्यावर गाडी लवकर रुळावर येते. हॉटेलं फुकट रद्द करता येतील अशीच घ्या. आणि प्रवास विमा तिकीट काढलं त्याच आठवड्यात, वादळाला नाव पडल्यावर घेतलेला विमा त्या वादळासाठी कामाला येत नाही.

तिकिटांचं एक महत्त्वाचं. मुंबई-सिंगापूर आणि सिंगापूर-सेबू ही दोन वेगवेगळी स्वस्त तिकिटं काढलीत तर बॅगा सिंगापूरला उतरवून परत चेक-इन करायला बाहेर यावं लागतं, आणि बाहेर यायला आपल्याला सिंगापूरचा व्हिसा लागतो. मुंबईच्या काउंटरवरच अडवतात. एकाच तिकिटावर पूर्ण प्रवास घ्या, चार-पाच हजार जास्त गेले तरी. परतीचं मनिलाहून, म्हणजे जाताना एक शहर आणि येताना दुसरं, असं तिकीट एजंट किंवा वेबसाइट दोन्हीकडे मिळतं.

व्हिसा सोपा झालाय. ८ जून २०२५ पासून भारतीयांना पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय प्रवेश आहे, पासपोर्ट सहा महिने तरी चालू हवा, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चाच्या पैशांचा पुरावा छापून ठेवा. हे १४ दिवस वाढवून मिळत नाहीत, म्हणून बारा-तेरा दिवसांचा प्लॅन करून वादळात अडकू नका, दहाच बरे. पोचायच्या आधीच्या ७२ तासांत ई-ट्रॅव्हलची (तिकडच्या सरकारची प्रवाशांसाठीची) नोंदणी ऑनलाइन करायची, ती पूर्ण फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या दिवशी दूतावासाच्या साइटवर एकदा बघाच.

सासूबाईंचं जेवण. भात सगळीकडे, पण भाजी म्हणून जे येतं त्यात माशाचा सॉस, कोळंबीची पेस्ट किंवा डुकराचं मांस बिनदिक्कत असतं, पिनाकबेत नावाची भेंडी-वांगी-भोपळ्याची भाजी बघून आपल्याला आनंद होतो आणि तिच्यात नेमकी बागोओंग म्हणजे कोळंबीची पेस्ट असते. "व्हेज" सांगून भागत नाही. मांस नको, मासा नको, माशाचा सॉस नको, कोळंबीची पेस्ट नको असं चार ओळींत इंग्रजीत लिहून फोनवर ठेवा आणि स्वयंपाकघरात दाखवा. सेबूत आणि पांगलावला भारतीय जेवण मिळून जातं, बोटीवरच्या दुपारच्या जेवणात मात्र मासा आणि चिकनच, तिथे सासूबाईंचा डबा आपला. मेतकूट, लोणचं, कोरड्या चटण्या, भाजणीच्या चकल्या बरोबर घ्या, तिकडचा गरम भात आणि मेतकूट यावर दोन दिवस सहज निघतात. आंबे आणि केळी उत्तम, रस्त्यावर साखरेत तळलेली केळी काडीला लावून मिळतात, मुलगा त्यावरच जगेल.

सामान कमी. छोट्या विमानात वजनाचं कडक असतं, हातातल्या बॅगेला साधारण सात किलो, आणि चाकाच्या कडक सूटकेस वाळूत आणि फळीवर त्रास देतात, मऊ बॅगा घ्या. बोटीच्या एसी केबिनमध्ये प्रचंड गारठा असतो, सासूबाईंना शाल हातातच ठेवा. उलटीची गोळी डॉक्टरला विचारून, मुलाचा डोस वेगळा. रोख पेसो जवळ ठेवा, एक पेसो साधारण दीड रुपया, कोरॉनमध्ये एटीएम मोजकी आहेत आणि धक्क्यावरच्या सगळ्या फिया रोखच.

ताई, तिकिटं काढायच्या आधी मला दोन गोष्टी कळवा. एक, दिवाळी की मे. दुसरं, सासूबाई हात धरून तीन-चार उंच पायऱ्यांची शिडी चढतात का, घरच्या माळ्याच्या शिडीवर बघा हवं तर. चढत असतील तर कोरॉनच्या तीन रात्री ठेवू, नसेल जमत तर त्याही बोहोललाच देऊ आणि पांगलावला पाण्यापासून दहा पावलांवरचं, तळमजल्यावरच्या खोलीचं हॉटेल बघू.